चिमणीला टोपी

आमच्या राजापूरला चिमणी म्हणजे एक तर अंगणात दाणे टिपणारी, नाहीतर लाइट गेली की पेटवायची रॉकेलची. तिसरी चिमणी माझ्या डोक्यावर, म्हणजे शब्दशः डोक्यावर, आली ती बॉस्टनजवळ १९२७ सालचं घर घेतल्यावर.

जूनमध्ये बेडरूमच्या सीलिंगला चहाच्या रंगाचा डाग पडला. आई सहा महिन्यांसाठी आलेली, तिने डागाखाली पातेलं ठेवलं आणि म्हणाली, "अरे यंदा शाकारलं नाहीस का?" म्हणलं आई इथे कौलं नसतात, शिंगल्स असतात. "मग गळतंय कुठनं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माणूस बोलावला. तो वर चढला आणि तिथूनच ओरडला, यू हॅव थ्री फ्लूज! आईने लगेच माझ्या कपाळाला हात लावला आणि काढ्यासाठी आलं किसायला घेतलं.

तर बाहेरून विटांचा एकच मनोरा दिसत असला तरी आत तीन वेगळी धुराडी असतात, त्यांना फ्लू म्हणायचं. आमचा एक फायरप्लेसचा, एक तळघरातल्या बॉयलरचा आणि मधला कधीकाळच्या कोळशाच्या चुलीचा, आता बंद. तिन्ही आकाशाला तोंड उघडून बसलेले. त्यांच्या भोवती वर जो उतरता थर असतो तो क्राउन, तो कमीत कमी दोन इंच जाड काँक्रीटचा हवा, आणि विटांच्या बाहेर आलेला हवा, खाली पागोळीची खाच ठेवून, छज्जाला असते तशी. आमचा होता नुसत्या मॉर्टरचा, कडेला पापडाएवढा. त्याने फोटो दाखवला, भेगेत अख्खं बोट जात होतं आणि शेजारी मॅपलचं इवलंसं रोप. आपल्याकडे पिंपळ असता, एवढाच फरक.

खरं तर मी आधी पैसे वाचवायला दुर्बिणीतून अंदाज घेऊन फ्लूच्या तोंडावर बसवायच्या दोन सुट्या टोप्या ऑनलाइन मागवल्या होत्या. पण फ्लूची तोंडं एवढी जवळजवळ की एकीचा स्क्रू पिळायला गेलं की दुसरी आडवी येणार, म्हणजे तिन्हींना मिळून एकच मोठी टोपी हवी, थेट क्राउनमध्ये ठोकलेली. क्वोट ऐकला. त्या पैशात राजापूरचं घर शाकारून वर गावजेवण झालं असतं.

आई म्हणाली, ताडपत्री टाक आणि वर दोन टायर ठेव, आख्खं कोकण तेच करतं. पण गरम पाण्यासाठी बॉयलर उन्हाळ्यातही चालतो, त्याचं तोंड बांधलं तर कार्बन मोनॉक्साइड घरात, म्हणजे गळती थांबली असती आणि आम्हीही.

बरं, द्या म्हणलं पैसे. तर तो माणूस म्हणतो आत्ता नाही, मधल्या फ्लूमध्ये चिमणी स्विफ्ट नावाच्या पक्ष्याचं घरटं आहे, पिल्लं आहेत, आणि स्थलांतरित पक्ष्यांच्या १९१८ च्या कायद्याने त्याला हात लावता येत नाही. म्हणजे चिमणीत चिमण्या, आणि चिऊताई आतून सांगतेय थांब, बाळाला तीट लावते! दोन महिने दर पावसाला पातेलं, मोठा पाऊस असला तर कुकर. आईचा राग मात्र पार गेला, लेकुरवाळी आहे म्हणल्यावर ती रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून त्यांच्या घिरट्या मोजायची.

सप्टेंबरात नवा क्राउन ओतला, वाळू दिला आणि मग स्टेनलेस स्टीलची टोपी बसली. चारही बाजूंनी जाळी, खार आणि रकून आत येऊ नये म्हणून, आणि छप्पर सगळ्यात उंच फ्लूपेक्षा पाचेक इंच वर, धूर कोंडू नये म्हणून. मी हौसेने म्हणलं विटांना मस्त ऑइल पेंट मारू, तर त्याने कपाळावर हात मारला. पेंटमागे पाणी अडकतं, थंडीत गोठून फुगतं आणि विटेचा पापुद्रा उडतो. त्याने सायलोक्सेन फवारलं, म्हणजे पाणी आत शिरत नाही पण आतली वाफ बाहेर पडते. दोन टोप्या परत घ्यायची मुदत संपलेली, एकीत आता कोथिंबीर आहे.

त्या रात्री धो धो पाऊस, पातेलं कोरडं. आईला त्याचं काहीच नाही.

"चिमण्या कुठे गेल्या रे?"

"पेरूला."

"एवढ्या लांब? इथे मिळत नाहीत का पेरू?"




मे महिन्यात त्या परत आल्या, आमच्या टोपीभोवती दोन गिरक्या मारल्या आणि सरळ शेजारच्या चिमणीत शिरल्या. परवा शेजारी कुंपणापाशी आला आणि विचारत होता, तुमचा तो माणूस कोण होता, आमच्या सीलिंगला डाग पडलाय. म्हणलं नंबर देतो, पण आधी एक पातेलं घेऊन जा.