टायर वाईट नाही, गाडी वाकडी आहे

पुढच्या टायरांची जोडी गेली परत. पहिली १४ हजार किलोमीटरला गेली होती, ही तर ११ हजारालाच, आणि दोन्ही वेळेस तोच नग, दरवाजाकडचा पुढचा डावा, आतल्या काठाने असा खाल्लेला की नक्षी शोधावी लागते. उभं राहून बाहेरून बघितलं तर टायर एकदम चांगला. खाली बसून मोबाईलचा टॉर्च मारला तर आतून गोटा.

ज्यांनी आमची गाडी बघितली नाही त्यांच्यासाठी, ३२ सीटची जुनी स्टाफ बस घेऊन तिचं मोटरहोम केलंय, चार बेड, किचन, संडास-बाथरूम, फ्रिज, वर सोलर, पासिंग वगैरे सगळं रीतसर. गल्लीत तिला बंगला म्हणतात. द्वारका झाली, पंढरपूर झालं, कोकण झालं, कार्तिकी एकादशीनंतर नर्मदा परिक्रमापण केली तिच्यातूनच, सोबत माय, बायको, मेहुणा, त्याची मंडळी आणि मायचं मातीचं खापर, कारण मांडे खापरावरचेच लागतात आमच्याकडे, तव्यावर केलेली पुरणपोळी मायच्या हिशोबात पुरणपोळीच नाही.

तर टायर. सहा आहेत, ८.२५-१६ साइजचे, पुढे दोन आणि मागे जोडीने चार. पहिली पुढची जोडी पडली ३६ हजाराला. दुसरी घेतली तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलेला होता म्हणून ३३ हजारात बसली, म्हटलं चला, सरकारने काहीतरी दिलं. पण ३३ हजार भागिले ११ हजार किलोमीटर करून बघा, किलोमीटरला ३ रुपये, फक्त पुढच्या दोन टायरचे, डिझेल वेगळं, मागचे चार वेगळे. हीच जोडी ५० हजार चालली असती तर ६६ पैसे पडले असते. आणि ५० हजार काही मी स्वप्नात बघत नाही, आमच्या ओळखीतला ट्रॅव्हल्सवाला ह्याच चेसिसवर त्याहून जास्त काढतो, आणि त्याची गाडी तर रोज माणसं कोंबून पळते.

आता टायर गेला की सल्ला देणारे किती निघतात ते सांगायला नको. एकजण म्हणे कंपनी चुकली, दुसरा म्हणे डुप्लिकेट माल लागला, तिसऱ्याने रस्त्यांवर ढकललं, रस्त्यांवर काहीही ढकललं की खपतं आपल्याकडे. एकाने नायट्रोजन भर म्हणून सांगितलं. अरे बाबा, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, उरलेल्या २२ साठी मी प्रत्येक गावात नायट्रोजनवाला शोधत फिरू का.

पण सगळ्यात घातक सल्ला आपल्या खान्देशातला ठरलेला आहे, उन्हाळा लागला की हवा १० पौंड कमी ठेव, नाहीतर टायर फुटेल. भुसावळ-जळगावचं ४५ डिग्री ऊन बघितलं की हे कोणालाही पटतं, मलाही पटलं होतं, दोन उन्हाळे मी तेच केलं. आणि आहे बरोबर उलटं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त वाकते, ते वाकणंच टायर तापवतं, वरून रस्ता तापलेला, म्हणजे फुटायची सोय आपणच करून ठेवतो. उन्हाने हवा वाढते हे खरंय, १०० पौंडाच्या टायरला तापमान १० डिग्रीने वाढलं तर साधारण ४ पौंड वाढतात, पण टायर बनवणाऱ्याने ते धरूनच आकडा दिलेला असतो. हवा बघायची ती सकाळी, गाडी हलायच्या आधी, टायर थंड असताना. दुपारी पंपावर जाऊन गरम टायरमधली हवा सोडायची म्हणजे ताप आलेल्या माणसाचं वजन करून त्याला जेवण कमी कर सांगायचं.

बरं, कमी हवेने टायर दोन्ही काठांनी घासतो. जास्त हवेने मधून. माझा तर एकाच काठाने, आतल्या. म्हणजे हवेचा गुन्हा होता पण मुख्य आरोपी दुसराच होता, आणि हे मला कळलं एका पंक्चरवाल्याकडून.

फागण्याच्या पुढे हायवेला एक टपरी आहे, वर जुना टायर टांगलेला, बाकी काही नाही. मागच्या आतल्या टायरची हवा गेली म्हणून थांबलो होतो. त्याने आधी लोखंडी टॉमी घेतली आणि सगळ्या टायरांवर एकेक ठोका मारत गेला, चांगल्या टायरचा आवाज टण्ण उडतो, आतला बसलेला होता त्याचा आला नुसता भद्द. मग पुढे आला, डाव्या टायरसमोर बसला आणि मला म्हणे आप्पा, हात लावा. आडवा हात फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. मी फिरवला. एका बाजूने जाताना हात सुळकन गेला, परत येताना नक्षीच्या प्रत्येक कडेला बोटं अडकली, करवतीवर अडकावी तशी. म्हशीच्या पाठीवरून सुलटा हात फिरवा आणि मग उलटा फिरवा, बरोबर तसं. ६९ हजाराचे टायर घासून झाले तोपर्यंत मी त्या टायरला कधी हात लावलेला नव्हता, फक्त लाथ मारून बघायचो, आपण सगळे मारतो तशी.

तो म्हणे, "आप्पा, हाऊ टायर वाईट नही शे, तुमनी गाडी वाकडी शे."

मी म्हटलं अरे, चाकं सरळ करून घेतलीत, अलाइनमेंट केलंय, कागद आहे माझ्याकडे. आणि खरंच होता, कॉम्प्युटरवर काढलेला रंगीत कागद, सगळे आकडे हिरवे. कुठे केलं ते सांगत नाही, सांगून काय फायदा, दुसरीकडेपण असंच करतात. पंक्चरवाल्याने पुढे जॅक लावला, चाक वर उचललं, एक हात टायरच्या वर, एक खाली, आणि हलवलं. टकटक, टकटक. किंगपिनचे, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळ्यावर वळतं त्याचे, बुश गेलेले. चाक जागेवरच डुगडुगतंय आणि वर अलाइनमेंटचा कागद हिरवा! गाडी उभी असताना आकडा बरोबर आला, रस्त्यावर पळायला लागली की चाकाला वाटेल तिकडे तोंड करायची मोकळीक.

ह्यात किती घासतं त्याचा हिशोब मी घरी येऊन केला, साधं त्रैराशिक आहे. ह्या टायरचा व्यास साधारण ८६ सेंटीमीटर. चाकाचं तोंड सरळ रेषेपासून एवढंसं फिरलं, म्हणजे टायरच्या पुढच्या आणि मागच्या टोकात फक्त ३ मिलिमीटरचा फरक पडला, तर एका किलोमीटरमध्ये तो टायर जवळपास साडेतीन मीटर आडवा फरफटतो. धुळे ते जळगाव ९० किलोमीटर धरा, तीनशे मीटरच्या वर टायर आडवा ओढत नेला मी, नऊ-साडेनऊ टनाच्या गाडीखाली. कोणती कंपनी टिकेल सांगा.

किंगपिनचा किट टाकला, मजुरी धरून ९ हजार गेले, मग परत अलाइनमेंट. विषय इथे संपायला पाहिजे होता पण माझ्या डोक्यात किडा होता की बुश दोन्ही बाजूचे गेले होते तर डावाच टायर जास्त का खाल्ला. मेहुणा म्हणे दाजी, वजन करून बघा. तीन वर्षं गाडी पळवली, एकदाही काट्यावर नेली नव्हती. आपण शेतकरी माणसं, मक्याचं पोतं विकताना काट्याचा आकडा डोळे फाडून बघतो, अन ह्या बंगल्याचं वजन माहीत नाही.

गेलो. मे महिना, मक्याचे ट्रॅक्टर लागलेले. काट्यावरचा पोरगा विचारतो काय भरलंय काका, म्हटलं घर भरलंय. आधी पुढची चाकं काट्यावर आणि मागची बाहेर, हे त्याला समजलं. मग म्हटलं आता फक्त पुढचं डावं चाक घे, तेव्हा त्याने मला नीट निरखून बघितलं. (हे जमिनीला समतल असलेल्या काट्यावरच जमतं हं, चढून जायचा काटा असेल तर गाडी तिरकी होते, आकडा चुकतो आणि गाडीपण पडायची.)

पुढच्या एक्सलवर ३४६० किलो. टायरवर बारीक अक्षरात १२८/१२४ लिहिलेलं असतं, त्यातला १२८ म्हणजे एकटा असताना १८०० किलो आणि १२४ म्हणजे जोडीत असताना प्रत्येकी १६०० किलो झेलतो. म्हणजे पुढे दोघांचे ३६००, आपण आत आहोत, मी खुश. मग फक्त डाव्याचा आकडा आला, १९१०. उजव्याचा १५५०.

डोकं धरून तिथेच बसलो. बॉडी बनवणाऱ्याने पाण्याची ३५० लिटरची टाकी दरवाजाच्या बाजूला पुढच्या सीटखाली दिलेली, कारण नळाचा पाइप तिथून जवळ पडतो. पाणी म्हणजे लिटरला किलो. त्याच्या शेजारी दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या. फ्रिज, किचन, सिलेंडर तिकडेच. आणि किचन तिकडे म्हणून मायचं खापर, पीठ, दादर ज्वारीचे डबे, तेलाचा पत्रा, झाडून सगळं तिकडे. उजव्या बाजूला काय, तर बेड आणि उशा. त्यावर मी उन्हाळ्यात १० पौंड हवा कमी ठेवत होतो. तो टायर ११ हजार चालला हेच त्याचे उपकार.

माझं म्हणणं एवढंच आहे की बस आणि मोटरहोममध्ये हा फरक कोणी सांगत नाही. बसमधली माणसं चढतात, उतरतात, गाडी रिकामी पण पळते. आपलं घर चोवीस तास टायरच्या डोक्यावर बसलेलं असतं, गाडी चाळीस दिवस अंगणात उभी असली तरी. म्हणून आता उभी करताना टाकी रिकामी करतो, टायरखाली फळ्या देतो आणि ऊन लागतं त्या बाजूला ओली नाही, कोरडी गोणपाटं टांगतो, कारण उन्हाने टायरच्या बाजूला भेगा पडतात, नक्षी शाबूत असली तरी. टायर घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का बघतो, ३५२४ असेल तर २०२४ चा पस्तिसावा आठवडा. दुकानदार दोन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला माल नवा म्हणून देतो, म्हणजे चकाकतो नवाच. रिमोल्ड, म्हणजे घासलेल्यावर नवी नक्षी चढवलेला टायर, मागे चालवतात लोक, ठीक आहे, पुढे मात्र कोणी फुकट दिला तरी नको. आणि मागच्या जोडीत एक नवा अन एक घासलेला लावू नका, मोठा जो असतो तो एकटाच वजन झेलतो आणि दुसरा नुसता फिरतो, एकत्र कुटुंबासारखं.

टाकी आणि बॅटऱ्या काढून मागच्या एक्सलच्या थोडं पुढे, उजव्या बाजूला नेल्या, पाइप बदलले, १२ हजार गेले. परत काट्यावर नेली तर डावा १६००, उजवा १५६०. म्हणजे किंगपिन ९ आणि हे १२, एकवीस हजारात काम झालं असतं ते मी आधी ६९ हजार रस्त्यावर घासून मग केलं. तिसऱ्या जोडीला आता ४ हजार किलोमीटर झालेत, रोज सकाळी हवा बघतो आणि हात फिरवतो, आडवा, दोन्हीकडून. सुळकन जातो.

फक्त पाण्याची टाकी होती तिथे आता जागा रिकामी झालीये, आणि घरात रिकामी जागा कोणाला बघवते. परवा सीट उचलली तर खाली दादरची गोणी. भरलेली. मायला म्हटलं हे काय, तर म्हणे, "एकच तं गोणी शे." उद्या सकाळी काट्यावर जाऊन येतो, तो पोरगा आता लांबूनच ओळखतो मला.