कायदा आहे म्हणून ॲप काढलं, पण कुणासाठी?

नमस्कार दादा. तुमचं म्हणणं असं, की देशाचा कायदा सांगेल ते ॲप स्टोअरवाल्यांनी मुकाट्यानं काढावं. आणि कर्जाची ॲप काढा म्हणून मीच ओरडतो, मग रशियातलं ॲप काढलं तर मला का झोंबावं? हा दुटप्पीपणा आहे म्हणता. प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कर्जाची ॲप. लातूर-नांदेडला शिकवणीसाठी खोली करून राहणारी पोरं यात अडकतात. ॲप कॉन्टॅक्ट आणि फोटोंची परवानगी मागतं, पोरगं ‘अलाऊ’ दाबून मोकळं होतं. हप्ता चुकला की गावाकडं मामाला, बहिणीच्या सासरी फोन सुरू. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नेमकं इथंच बोट ठेवलं: कर्जाच्या ॲपनं कॉन्टॅक्ट आणि कॉल लॉगला हात लावायचा नाही. ३१ मे २०२३ पासून गुगलनंही प्ले स्टोअरवरच्या कर्जाच्या ॲपना कॉन्टॅक्ट आणि फोटो बंद केले. हा नियम त्या पोराच्या बाजूचा आहे.

रशियात सप्टेंबर २०२१ मध्ये मतदान सुरू झालं त्याच दिवशी ॲपल आणि गुगलनं विरोधी नेते नवाल्नी यांच्या गटाचं ‘स्मार्ट वोटिंग’ ॲप तिथल्या स्टोअरमधून उतरवलं. सत्ताधाऱ्यांविरुद्ध कुणाला मत द्यावं, हे ते सांगायचं. तिथल्या सरकारचा तसा आदेश होता, आणि या कंपन्यांच्या तिथल्या कर्मचाऱ्यांवर खटले भरण्याची धमकी होती. त्यांनी तुरुंगात जावं असं मी म्हणणार नाही. पण त्या आदेशानं मतदाराचं कसलं रक्षण झालं, सांगा. कायद्याचं नाव दोन्हीकडं होतं. मी आदेश कुणाला वाचवतो ते बघतो, आणि दोन्हीकडं तेच बघतो.

काढायचंच झालं तर त्याच देशापुरतं काढावं आणि कारण तिथंच लिहावं. जून २०२० मध्ये टिकटॉकसह बंदी घातलेल्या ५९ ॲपची यादी आपल्या सरकारनं जाहीर केली, म्हणून उसाच्या फडात व्हिडिओ करणाऱ्या पोरालाही कळलं की ॲप का गेलं. एरवी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खालचे असे बंदीचे आदेश २००९ च्या नियमांनी गुप्त राहतात. ॲप नुसतं दिसेनासं होतं, मग माणूस तेच ॲप लिंकवरून, एपीके फाईल (स्टोअरबाहेरून थेट फोनवर ॲप टाकायची फाईल) घेऊन टाकतो. तिथं तपासणारं कुणीच नसतं.

व्हॉट्सॲपच्या गटांवर ‘पीएम किसान’च्या नावानं फिरणाऱ्या फाईली याच सवयीवर जगतात. एसएमएसची परवानगी घेतात आणि ओटीपी परस्पर पळवतात. तुमच्या गावच्या गटावर आली असेल तर ॲडमिनला सांगून आधी ती काढायला लावा. कुणी टाकून बसलंच असेल तर फोनचं इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला कळवा.