गिऱ्हाईक कसं पळवावं?

पर्यटनस्थळी धंदा काढताय? भांडवल नको, घसा हवा. गेल्या रविवारी माथेरानला मी सोळाशे रुपये मोजून जे शिकलो, ते तुम्हाला फुकट सांगतो.

पाहुणा गाडीतून उतरायच्या आत काच ठोठवा.

दर विचारला तर म्हणा, "द्या हो समजून." आकडा उतरल्यावर.

बुकिंग दाखवलं तर, "ते हॉटेल कधीच बंद पडलं."

आता मुख्य कला, थाप. दस्तुरी नाक्यापुढे गाड्यांना बंदी, त्यामुळे पुढचं पाहुण्याला ठाऊक नसतं. अमन लॉज स्टेशन पलीकडेच आहे, तिथून गावात जाणारी मिनी ट्रेनची शटल सुटते, हे त्याला कळता कामा नये. मला घोडेवाल्याने सांगितलं, "शटल आज बंद, साहेब. ई-रिक्षा गाववाल्यांनाच. चालत सात किलोमीटर." (आहे जेमतेम तीन!) सोबत आई, तिचे गुडघे. केले दोन घोडे. बाई पहिल्यांदाच घोड्यावर, डोळे घट्ट मिटून रामरक्षा म्हणतेय. आणि अर्ध्या वाटेत शिट्टी वाजवत शटल गेली! खिडकीतल्या एका पोराने आईला टाटासुद्धा केला. "बंद होती ना रे?" तर म्हणे, "आत्ताच चालू झाली असेल." आत्ताच! १९०७ सालची लाइन आहे ती!

बाजारात आईला चप्पल घ्यायची होती. माथेरानची चामड्याची चप्पल, गेली दोन वर्षं तिच्या डोक्यात होती. एका म्हाताऱ्या दुकानदाराने जोड पुढे केला. ना ओरडा, ना ओढाताण, नुसतं "बघा ताई, घालून बघा." आई म्हणाली, "नको, चल. इथेही फसवतील." त्यांनी ते ऐकलं. काही बोलले नाहीत, जोड परत खिळ्याला अडकवला.

अहो, थोडी तरी लाज? याच फसवणुकीला कंटाळून मार्च २०२५ मध्ये गावाने बेमुदत बंद पुकारला होता. स्वतःच्या दुकानांना स्वतः कुलपं लावली लोकांनी! तरी तुम्ही आहातच त्याच नाक्यावर. घोड्यावर तुमचं पोट आहे, कबूल. सरळ दर सांगून विचारलं असतंत, तर शटल असूनही नातवाला दाखवायला फोटोपुरती आई बसली असती. पण तुम्हाला आजचे सोळाशे हवेत, आणि त्यासाठी त्या म्हाताऱ्याचं गिऱ्हाईक तुम्ही नाक्यावरच मारलंत.

चिक्की आम्ही डोंबिवलीत, घराखालच्या दुकानातून घेतली. लोणावळ्याची.