हिरव्या पाण्यावर फिरणारा सल्ला आणि त्याचा प्रतिवाद

उन्हाळा लागला की नाशकातल्या मत्स्यालयप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: वनस्पती लावलेल्या टाकीतले पाणी हिरवे झाले म्हणजे खत जास्त झाले, तेव्हा खत बंद करावे, सगळे पाणी काढून टाकावे, वाळू आणि फिल्टर नळाखाली खळखळून धुवावेत, मोरचुदाची (कॉपर सल्फेटची) एक चिमूट टाकावी आणि यूव्ही दिव्याच्या नादी लागू नये, कारण त्याने मासे आंधळे होतात. टाकीवर थेट ऊन येऊ देऊ नये, हा त्यातला एक सल्ला योग्य आहे. बाकीचे पाळले तर पाणी हिरवेच राहते आणि वर माशांचाही जीव धोक्यात येतो.

मुळात पाणी खरोखर शेवाळाने हिरवे झाले आहे का, एवढे तरी आधी पाहावे. काचेच्या पेल्यात टाकीतले पाणी घेऊन मागे पांढरा कागद धरला की रंग कळतो. हिरवट छटा असेल तर ते पाण्यात तरंगणारे एकपेशीय शेवाळ होय. दुधाळ धुरकटपणा बहुधा जिवाणूंचा असतो आणि चहासारखा पिवळसर रंग लाकडातून उतरलेल्या टॅनिनचा असतो. पावसाळ्यात नळालाच गढूळ पाणी आले, तर तो गाळ पेल्यात काही तासांत तळाशी बसतो. शेवाळ सहसा बसत नाही.

आता खताकडे येऊ. नायट्रेट आणि फॉस्फेट असल्यामुळेच पाणी हिरवे होत असते, तर लिटरमागे 10 ते 20 मिलिग्रॅम नायट्रेट राखून वर्षानुवर्षे स्वच्छ राहिलेल्या टाक्या दिसल्याच नसत्या. हे शेवाळ काही सहस्रांश मिलिमीटर आकाराचे असते आणि आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग फार मोठा असल्यामुळे, पाण्यात अन्नद्रव्ये अगदी नाममात्र उरली तरी ती त्याला ओढून घेता येतात. खत तोडले की आधी उपाशी पडतात त्या वनस्पती, म्हणजे शेवाळाशी स्पर्धा करणारा मुख्य घटक आपण आपल्याच हाताने दुबळा करतो. प्रत्यक्षात पाणी हिरवे होते ते बहुतेक वेळा तीव्र प्रकाश आणि अमोनिया एकत्र आले म्हणजे: नवी टाकी, पहिल्या काही आठवड्यांत अमोनिया सोडणारी ॲक्वासॉइल (वनस्पतींसाठी तळाशी घालायची पोषक माती), उकरलेली माती, कोपऱ्यात कुजणारा मेलेला मासा, किंवा नुकताच धुतलेला फिल्टर.

यातल्या शेवटच्या कारणामुळेच संदेशातला धुण्याचा सल्ला सर्वांत घातक ठरतो. अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजावर आणि वाळूच्या कणांवर वस्ती करून असतात. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते आणि त्या धारेखाली स्पंज पिळून काढला की ही वस्ती बरीचशी नष्ट होते. नव्या टाकीत ती उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मधल्या काळात साचणारा अमोनिया शेवाळाला आयताच मिळतो. शिवाय हिरवे पाणी दिवसा कार्बन डायऑक्साइड शोषून घेत असल्याने दुपारी त्याचा पीएच चढतो आणि चढत्या पीएचला अमोनियाचा विषारी भाग वाढतो. स्पंज धुवायचाच असेल, तर टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलका पिळावा.

पाणी काढून टाकण्याचा हिशेबही जुळत नाही. दहापैकी नऊ भाग पाणी बदलले तरी पानांवर आणि वाळूत राहिलेले शेवाळ सोडूनसुद्धा एक भाग उरतो; पेशी दिवसाला दुप्पट होतात असे धरले, आणि भरपूर प्रकाशात त्या याहूनही वेगाने वाढू शकतात, तर तो चौथ्या दिवशी सोळा होतो. पाणी बदलणे उपयोगी आहे, पण शेवाळ मेल्यानंतर. तेव्हाही अँटिक्लोरीन, म्हणजे क्लोरीन निष्प्रभ करणारे औषध, घातल्याशिवाय नळाचे पाणी टाकीत ओतू नये.

मोरचुदाचा सल्ला नाशकात का रुजला, हे समजण्यासारखे आहे. द्राक्षबागेत केवडा या रोगावर फवारायला मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण करणाऱ्यांच्या घरी तो पोत्याने असतो. परंतु बाग वेगळी आणि काचेची टाकी वेगळी. मोरचुदात वजनाच्या सुमारे एक चतुर्थांश तांबे असते, म्हणजे अर्ध्या ग्रॅमची चिमूटसुद्धा 100 लिटर पाण्यात लिटरमागे सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास तांबे सोडते; माशांच्या काही परजीवींवर तांबे वापरतात तेव्हा ते साधारण 0.2 मिलिग्रॅमच्या आत ठेवतात आणि तेही टेस्ट किटने रोज मोजून. कोळंबी आणि गोगलगायी तर त्याहून कमी मात्रेतही मरतात. माती तांबे धरून ठेवते, त्यामुळे पुढे त्या टाकीत कोळंबी सोडणे जोखमीचेच राहते.

यूव्ही दिव्याने मासे आंधळे होतात, ही भीती निराधार आहे, कारण दिवा बंद आवरणात असतो आणि पंपाने आलेले पाणी त्याच्याजवळून वाहते. 254 नॅनोमीटरच्या आसपासचे किरण पेशींच्या डीएनएला इजा करतात, त्यामुळे पाण्याबरोबर आत आलेले शेवाळ मरते आणि काही दिवसांत पाणी निवळते. काचेला चिकटलेल्या शेवाळावर मात्र त्याचा परिणाम होत नाही. उघडा दिवा हाती धरून पाहण्याचा उद्योग कोणी करू नये. त्याने आपल्याच डोळ्यांना इजा होते.

दिवा घ्यायचा नसेल, तर अंधार हा बिनखर्चाचा उपाय आहे. टाकी जाड काळ्या कापडाने चारही बाजूंनी आणि वरून झाकावी, तीन ते चार दिवस उघडून पाहू नये, वनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइड सोडत असल्यास तो बंद ठेवावा, खाद्य देऊ नये आणि एअर पंप मात्र अखंड चालू ठेवावा, कारण अंधारात शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरते, आणि मेल्यावर कुजतानाही तो संपवते. सशक्त वनस्पती एवढा अंधार निभावतात. कापड काढल्यावर निम्मे पाणी बदलावे, दिवे सहा तासांवर आणावेत आणि अमोनिया कुठून आला ते शोधावे. ते कारण तसेच राहिले, तर पाणी पुन्हा हिरवे होईल.