पाणी कमी झालं, मैला तेवढाच आहे
"पाणी वाचवलं की ड्रेनेजवरचा लोड आपोआप कमी होतो" हे पाणी बचतीवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. अहो पाणी कमी होतं, मैला तेवढाच राहतो ना! जुन्या लाइन जास्त पाण्याच्या हिशोबाने टाकलेल्या, गाळ बसू नये म्हणून त्यात सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेग लागतो, आता १३ लिटरच्या जागी ६ लिटरचा फ्लश आणि आंघोळीचं पाणीही रिसायकल होऊन बागेला, मग मैला पुढे ढकलणार कोण? तो तिथेच कुजतो, हायड्रोजन सल्फाइड गॅस सुटतो आणि पाइपाच्या वरच्या ओलसर भागातले बॅक्टेरिया त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात, ते काँक्रीट खातं.

मेंटेनन्सच्या कामात असं चेंबर उघडून बघितलंय, तळाचं काँक्रीट शाबूत आणि वरचं बोटाने खरवडलं तरी निघत होतं. पाणी वाचवायलाच हवं, पण त्याच बजेटमध्ये जेटिंग (जोराच्या पाण्याने लाइन साफ करणं) आणि लाइनिंगचे (पाइपाला आतून संरक्षक थर देणं) पैसेही धरा. शिवाय हायड्रोजन सल्फाइड जीवघेणा आहे, लाइन तुंबली की आत माणूस उतरवतात, त्याचा तर लेखात उल्लेखही नाही.