पदराची उलटी बाजू

खरी क्लिओ विल्यम्स गाडी कशी ओळखायची याचा मी सहा महिने अभ्यास केला. एवढा अभ्यास बारावीला केला असता, तर आज इंग्लंडातल्या रेडिंगजवळच्या गावात, रिमझिम पावसात, परक्याच्या बॉनेटखाली मुंडकं खुपसून उभा राहिलो नसतो.

गाडी 1993ची. रेनॉ या फ्रेंच कंपनीला रॅलीत उतरायचं, तर नियमाने 2500 गाड्या बनवणं भाग होतं. म्हणून छोट्याशा क्लिओच्या पोटात 2 लिटरचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन घातलं. अंग निळं, चाकं सोनेरी. नाव विल्यम्स, कारण त्या फॉर्म्युला वन संघाच्या गाड्यांना तेव्हा रेनॉचं इंजिन असे. बाकी ही गाडी घडवण्यात त्यांचा संबंध लग्नपत्रिकेतल्या ‘श्रीकृपेकरून’इतकाच. डॅशबोर्डवर क्रमांकाची पाटी. ‘फक्त 3800’ म्हणाले होते. पण खप बघून आणखी काढल्या, वर दुसरी आणि तिसरी आवृत्तीही आली. या दोन आवृत्त्यांना पाटी नव्हती. पाटीवाले तरीही भडकलेच.

गोम अशी, की पाटी चिकटवता येते आणि सोनेरी चाकं विकत मिळतात. त्यामुळे कुणीही आपली साधी क्लिओ 16व्ही निळी शेरवानी चढवून बोहल्यावर उभी करतो. तिचं इंजिन मात्र 1.8 लिटरचं, त्याची खूण एफ7पी. खरीची एफ7आर.

मी बॅटरी मारून ते अक्षर शोधत होतो. पी आणि आरमध्ये फरक एका तंगडीचा, आणि नेमकी तिथेच तीस वर्षांची काजळी! रुमाल गेला, बाही गेली, तंगडी काही दिसेना. मालक शांतपणे चहा पीत उभा. पाटी लखलखत होती. जरा जास्तच.

‘‘मागून बघितलीस का?’’ छत्री धरून कंटाळलेल्या बायकोने विचारलं.

‘‘काय मागून?’’

‘‘अरे, पैठणी घेताना पदर उलटा करून बघतात. हातमागाची असेल तर मागूनही तशीच दिसते. नाहीतर दोरे लोंबत असतात.’’

तिने डिकी उघडली आणि कोपऱ्यातलं कार्पेट नखाने उचललं.

खाली लालभडक रंग.

मालक खोकला. पूर्वी कधीतरी रंगवली असावी, म्हणाला. माझे सहा महिने त्या कार्पेटखाली गेले होते. मी हात पुसून निघायला लागलो, तर बायको कानाशी आली. ‘‘किंमत अर्धी सांग आणि चालायला लाग. हाक मारेल.’’

‘‘खोटी आहे ती!’’

‘‘म्हणूनच अर्धी.’’

सांगितली. चालायला लागलो. लक्ष्मी रोडवर चौथ्या पावलाला हाक येते. इथे आम्ही कोपऱ्यापर्यंत गोगलगायीच्या चालीने गेलो, बुटाची नाडी दोनदा बांधली. शेवटी मागे वळून पाहिलं.

मालकाने हसून हात हलवला, सांभाळून जा म्हणाला आणि दार लावून घेतलं.

‘‘जरा जोरात चाललास तू,’’ बायको म्हणाली.