कोट करण्याची मुभा असताना फोटो कशाला काढता?

गेल्या संकष्टीला मी मास्टोडॉनवर (ट्विटरसारखे, पण वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या अनेक सर्व्हरांचे मिळून बनलेले समाजमाध्यम) एकाखाली एक अशा दोन पोस्ट लिहिल्या. पहिलीत म्हटले होते की, घाईच्या दिवशी विकतच्या पिठीचे मोदकही चांगले होतात; फक्त उकड काढताना पाण्यात चमचाभर लोणी घालावे आणि ती गरम असतानाच मळावी. दुसरीत लिहिले होते की, तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून दळून आणलेल्या पिठीची सर हिला नाही आणि हाताशी वेळ असेल तर तोच मार्ग धरावा. तिसऱ्या दिवशी मामेबहिणीने एक चित्र पाठवून विचारले, “ताई, हे तुझेच ना?” तो माझ्या पहिल्या पोस्टचा स्क्रीनशॉट होता. वरच्या कोपऱ्यात बॅटरी बारा टक्के, ‘विकतच्या’ या शब्दाभोवती बोटाने काढलेले लाल वेटोळे, माझे नाव अर्धे कापलेले आणि दुसऱ्या पोस्टचा मागमूस नाही. त्यावर एका गृहस्थांचे भाष्य होते: ‘आता मोदकही पाकिटातले. बुडाली संस्कृती.’ त्याला एकोणचाळीस बूस्ट मिळाले होते, म्हणजे तितक्या जणांनी ते आपल्या अनुयायांकडे पुढे पाठवले होते.

माझा संताप त्यांच्या मताबद्दल नाही. विकतच्या पिठीला नाके मुरडणारी माणसे माझ्या घरातच आहेत आणि त्यांच्या हातचे मोदक मी मुकाट्याने खाते. संताप याचा आहे की, माझी पोस्ट कोट करण्याची, म्हणजे ती आपल्या पोस्टमध्ये चौकटीत ठेवून वर आपले म्हणणे लिहिण्याची, मुभा सर्वांना होती. त्यांनी कोटचे बटण दाबले असते तर मला तत्काळ सूचना आली असती, वाचणाऱ्याला त्या चौकटीवर बोट ठेवून दुसरी पोस्ट पाहता आली असती आणि मला दोन शब्द बोलता आले असते. हे तिन्ही टाळायचे होते म्हणूनच त्यांनी फोटो काढला, असे माझे स्पष्ट मत आहे. चारचौघांत एखाद्याविषयी बोलायचे आणि तो माणूस त्या चौघांत नाही याची आधी खातरजमा करून घ्यायची, याला आमच्याकडे चहाडी म्हणतात.

आणि हे सारे कोणत्या जागी घडावे? मास्टोडॉन २०१६ मध्ये सुरू झाले तेव्हा त्याचे निर्माते यूजेन रोच्को यांनी कोटची सोय त्यात जाणूनबुजून ठेवली नव्हती. माणसाला उत्तर द्यायचे सोडून लोक त्याची पोस्ट आपल्या प्रेक्षकांपुढे धरतात आणि संवादाची जागा नाटक घेते, असे कारण त्यांनी २०१८ मध्ये दिले होते. मला तेव्हा ते फार सोवळे वाटले. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरवर चिडलेल्या भारतीयांची एक लाट मास्टोडॉनवर आली आणि २०२२ च्या अखेरीस मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर तर जगभरातून लोंढा आला. त्या प्रत्येक वेळी कोटची मागणी झाली. त्यात तथ्यही होते. कोट म्हणजे केवळ चाबूक नव्हे. कोणाच्या माहितीला पुरवणी जोडण्यासाठी, लहान खात्याचे लेखन चार लोकांपुढे आणण्यासाठी, हाकेला ओ देण्यासाठीही तो लागतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ट्विटरकरांनी हे वारंवार सांगितले. मीही मागणी करणाऱ्यांतलीच होते, हे लपवत नाही.

शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये ४.५ आवृत्तीबरोबर ही सोय आली, आणि ती ज्या काळजीने आली तशी काळजी मोठ्या कंपन्यांनी आपल्याला क्वचितच दाखवली आहे. माझी पोस्ट कोणी कोट करायची हे मी ठरवते: सर्वांनी, केवळ अनुयायांनी, की कोणीच नाही. मत बदलले तर नंतरही बदलता येते. कोणी कोट केले की कळवले जाते, आणि नको वाटले तर त्या कोटमधून माझी पोस्ट काढून घेता येते. ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमानेही ऑगस्ट २०२४ मध्ये कोटपासून आपली पोस्ट सोडवून घेण्याची सोय दिली. वेगवेगळ्या लोकांच्या, वेगवेगळ्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या सर्व्हरांमध्ये अशी परवानगीची देवाणघेवाण बसवणे किती किचकट असेल, याची थोडीफार कल्पना ज्याला आहे त्याने त्या मंडळींना हात जोडावेत. आम्ही काय केले? फोनच्या बाजूचे आणि आवाज कमी करायचे अशी दोन बटणे एकदम दाबून स्क्रीनशॉट काढला.

स्क्रीनशॉट हे निर्जीव कातडे आहे. मी पोस्ट दुरुस्त केली तर कोटमध्ये दुरुस्ती दिसते, काढून टाकली तर ती तिथेही दिसेनाशी होते. चित्र मात्र मूळ चुकीसकट सर्व्हरमागून सर्व्हरवर साठत जाते. त्यातून चित्रात मराठी असेल तर विचारूच नका. शोधून ती सापडत नाही, तिचे भाषांतर होत नाही, आणि जो वाचक स्क्रीन रीडरवर ऐकून वाचतो त्याला नुसते ‘चित्र’ एवढेच ऐकू येते. चित्राखाली वर्णन लिहावे हा मास्टोडॉनवरचा जुना आणि चांगला रिवाज आहे, पण या गृहस्थांनी वर्णनाची जागा कोरी सोडली होती. लाल वेटोळे काढायला मात्र त्यांना सवड होती.

सबबी मला पाठ आहेत. ‘आमच्या सर्व्हरवर अजून जुनी आवृत्ती आहे.’ मग दुवा चिकटवा. त्याला दहा सेकंद लागतात आणि वाचणारा मूळ जागी पोहोचतो. ‘नाव उघड करून त्रास द्यायचा नव्हता.’ अर्धे नाव ठेवून? ‘अशा लोकांना प्रसिद्धी का द्यायची?’ ही सबब धमक्या देणाऱ्यांपुरती मला मान्य आहे. जो शिवीगाळ करून पोस्ट पुसून टाकतो, त्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा असतो आणि तो काढलाच पाहिजे. पिठीत लोणी घाला म्हणणारी बाई त्या यादीत कशी बसली, हे मात्र मला अजून उमगलेले नाही. (आता सोय मिळाली म्हणून प्रत्येक पोस्ट कोट करून त्यावर ‘वाचा’ एवढेच लिहिणारेही आहेत, त्यांच्यासाठी बूस्टचे बटण पहिल्या दिवसापासून होते. पण ते नुसते आळशी आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही.)

सगळ्यांत खुपले ते हे की, याच गृहस्थांनी स्वतःच्या पोस्टवर ‘कोणीही कोट करू नये’ अशी खूण करून ठेवली आहे. म्हणजे परवानगी काय असते, ती का लागते आणि तिचे बटण कुठे आहे, हे त्यांना व्यवस्थित ठाऊक आहे.

मी त्यांच्याच पोस्टखाली, शक्य तितक्या सभ्य भाषेत उत्तर लिहिले: “आपण दाखवली त्याच्या लगेच खाली माझी दुसरी पोस्ट आहे, तीही कृपया वाचावी. माझी पोस्ट कोट करायला आपल्याला पूर्ण मुभा आहे. चित्र काढू नये ही विनंती.” तासाभरात त्यांची नवी पोस्ट आली. तिच्यात माझ्या या उत्तराचा स्क्रीनशॉट होता, ‘विनंती’ या शब्दाभोवती लाल वेटोळे होते आणि बॅटरी आता नऊ टक्के होती.